‘सगळं सांगून मोकळे व्हा’: फेडरल केसबद्दलच्या एका व्हायरल सल्ल्याचा समाचार

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: फेडरल, म्हणजे केंद्र सरकार शंभरातल्या नव्व्याण्णव केसेस जिंकतं, म्हणून लढण्यात अर्थ नाही. एफबीआयवाले दारात आले तर सगळं खरं सांगून मोकळे व्हा, वकील मागितला की संशय वाढतो. कोर्टाने दिलेला फुकटचा वकील सरकारचाच माणूस. इंडाइक्टमेंट (ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र) झालं म्हणजे गुन्हा शाबित, आणि जामिनाला लाखो डॉलर रोख लागतात. शेवटी सगळ्यात घातक वाक्य: पटकन गुन्हा कबूल केला आणि तुरुंग टळला, की ग्रीन कार्डला धक्का लागत नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण या सल्ल्याने चालणारा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘शंभरातल्या नव्व्याण्णव केसेस सरकार जिंकतं’

हा आकडा कुठून आला ते बघा. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने कोर्टांच्याच नोंदींवरून मांडलेला हिशेब असा आहे. २०२२ च्या आर्थिक वर्षात ७१,९५४ फेडरल आरोपींपैकी खटला चालून निर्दोष सुटले फक्त २९०, म्हणजे ०.४ टक्के. एवढंच वाचून कुणीतरी ‘९९ टक्के हरतात’ असं ठोकून दिलं. पण त्याच हिशेबात ८.२ टक्के आरोपींवरची केस रद्द झाली. ती माणसं जवळपास ५,९०० होतात. ८९.५ टक्क्यांनी गुन्हा कबूल केला. खटला पूर्ण लढले ते अवघे १,६६९, आणि त्यांतले २९० सुटले. म्हणजे साधारण सहात एक. ही शक्यता मोठी नाही, हे कबूल. पण ‘शंभरात एक’ आणि ‘सहात एक’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सरकारची बाजू सहसा भक्कम असते, हेही खरंच. फेडरल तपास अनेकदा महिनोन् महिने गुपचूप चालतो, आणि अटक होते तेव्हा बँकेचे कागद, ईमेल, साक्षीदार असं सगळं प्रॉसिक्युटरच्या (सरकारी वकिलाच्या) टेबलावर तयार असतं. खटला लढून हरलात तर कबुली देणाऱ्यापेक्षा शिक्षा बहुधा जास्त पडते, हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणून बहुतेक जण कबुलीकडे वळतात.

पण कबुली दिली की लढाई संपली, असं मानणारा फेडरल कोर्टाचं निम्मं काम बघतच नाही. शिक्षेसाठी मार्गदर्शक तक्ते आहेत. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या बुकर निकालापासून ते न्यायाधीशावर बंधनकारक नाहीत, तरी सुरुवात तिथूनच होते. फसवणुकीच्या केसमध्ये त्या तक्त्यात सगळ्यात जड पारडं नुकसानीच्या रकमेचं. रक्कम तीन लाख डॉलर धरायची की ऐंशी हजार, यावर माणसाची वर्षं ठरतात. शिक्षेआधी प्रोबेशन ऑफिसर हा कोर्टाचा अधिकारी आरोपीबद्दल सविस्तर अहवाल लिहितो आणि त्यातल्या चुकांवर हरकत घ्यायला १४ दिवस मिळतात. त्या १४ दिवसांत आकड्याआकड्यावर भांडणारा वकील आणि ‘आता काय उरलंय’ म्हणून सही करणारा वकील, यांच्या अशिलांच्या शिक्षेत किती अंतर पडत असेल, याचा विचार करा. त्यात फेडरल व्यवस्थेत पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधीची सुटका, नाही. १९८७ च्या नोव्हेंबरनंतरच्या गुन्ह्यांना तो बंदच झाला. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. त्यामुळे सहा महिने कमी झाले तरी तो तपशील नसतो, ते आयुष्य असतं.

‘सगळं खरं सांगून मोकळे व्हा’

फेडरल तपास अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी शपथ लागत नाही, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मूळ आरोप सिद्ध होवो न होवो, हा वेगळा लागतो.

ब्रोगन नावाच्या एका कामगार नेत्याची केस यासाठी वाचण्यासारखी आहे. एका संध्याकाळी फेडरल अधिकारी त्याच्या घरी आले. अमुक कंपनीकडून कधी पैसे किंवा भेटी घेतल्या का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ‘नाही.’ एवढंच. मग त्यांनी सांगितलं, की कंपनीच्या झडतीत सापडलेली कागदपत्रं याच्या उलट बोलतात आणि आमच्याशी खोटं बोलणं हा गुन्हा आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९८ मध्ये कोर्टाने निकाल दिला: घाबरून नुसतं ‘नाही’ म्हटलं, तरी ते खोटं विधानच. लक्षात घ्या, उत्तर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायच्या आधीच माहीत होतं. टीव्हीवरची प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्टुअर्ट हिला २००४ मध्ये तुरुंगवास झाला तोही तपासाच्या आड येणं, खोटी विधानं अशाच आरोपांवर. शेअर-फसवणुकीचा मुख्य आरोप न्यायाधीशांनी आधीच काढून टाकला होता.

‘पण मी खरंच बोलणार आहे!’ बोलाल हो. पण तीन वर्षांपूर्वीच्या मीटिंगला कोण होतं, पैसे मार्चमध्ये आले की मेमध्ये, हे दारात उभं राहून बिनचूक आठवेल का? एक अधिकारी विचारतो, दुसरा टिपणं घेतो. घरच्या अशा गप्पांचं बहुधा रेकॉर्डिंग नसतं, मागाहून त्या टिपणांवरून अहवाल तयार होतो. तुम्ही नेमके काय शब्द वापरले यावर पुढे वाद झाला, तर त्यांच्याकडे अहवाल आणि दोन साक्षीदार असतात. तुमच्याकडे तुमची आठवण.

आणि नुसतं गप्प बसणंही पुरत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या सलिनास निकालात एका माणसाने अटकेपूर्वीच्या चौकशीत बाकी उत्तरं दिली आणि एका प्रश्नावर खाली बघून गप्प बसला. ते गप्प बसणं त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, कारण ‘मी हक्क वापरतोय’ असं तो तोंडाने बोलला नव्हता. म्हणून स्पष्ट बोलावं: ‘मला आधी वकिलाशी बोलायचंय, त्याशिवाय मी उत्तरं देणार नाही.’ अधिकाऱ्याचं कार्ड मागून घ्यावं. वॉरंट नसेल तर घरात घ्यायचं बंधन नाही. वॉरंट असेल तर अडवू नये, वाचून घ्यावं, पण गप्पा मारू नयेत. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारतात. पाणी जरूर विचारा, बैठक जमवू नका.

अटकेत वकील मागितला म्हणून ज्युरीपुढे ‘बघा, हा दोषी असणार’ असं सांगता येत नाही. राहिला अधिकाऱ्याचा संशय. तो दारात येतो तोच संशय घेऊन.

त्याच दमात आणखी एक: घाबरून चॅट आणि फाइल्स उडवू नका. तपासात अडथळा आणायला पुरावा नष्ट करण्याची शिक्षा वीस वर्षांपर्यंत आहे. आणि ‘काय झालं म्हणून सांगू’ असं चुलतभावाला, मित्राला, ग्रुपवर लिहू नका. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. मित्राशी झालेलं नसतं, मित्राला साक्षीला बोलावता येतं.

‘फुकटचा वकील सरकारचाच’

साफ चूक. १९६४ च्या कायद्यापासून, ऐपत नसलेल्या फेडरल आरोपीच्या वकिलाचा खर्च सरकार उचलतं, पण वकिलाची निष्ठा आरोपीशी असते. फेडरल डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू लढणारे वकील, दिवसभर हेच काम करतात. कुठला न्यायाधीश कशावर चिडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यापेक्षा मला भीती वाटते ती आपल्या नेहमीच्या सवयीची: एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) करून दिलेल्या वकिलालाच ‘बघा ना जरा हेही’ म्हणायची. दाढदुखीला कुणी हाडांच्या डॉक्टरकडे जात नाही. मात्र वकिलासाठी उत्पन्नाची जी माहिती भरून द्याल ती शपथेवर असते, तिथे घर-शेअर लपवू नका.

‘इंडाइक्टमेंट झालं, आता संपलं’

ग्रँड ज्युरी दोष ठरवत नाही, खटला चालवण्याइतका आधार आहे का एवढंच बघते. तीत १६ ते २३ नागरिक असतात, १२ मतं पुरतात, आणि त्यांच्यापुढे बाजू फक्त सरकार मांडतं. आरोपीचा वकील त्या खोलीत नसतोच. भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचं प्रकरण मराठी वाचकांना आठवत असेल. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अटक, अडीच लाख डॉलरच्या बाँडवर सुटका, ९ जानेवारी २०१४ ला इंडाइक्टमेंट. १२ मार्चला न्यायाधीशांनी ते राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर फेटाळलं आणि दोन दिवसांनी सरकारने नवं आणलं. इंडाइक्टमेंट टिकेलच असं नाही, आणि पडलं म्हणजे सुटलोच असंही नाही.

जामिनाचं थोडक्यात: फक्त पैसे नाहीत म्हणून माणूस आत राहील, अशी आर्थिक अट फेडरल न्यायाधीश घालू शकत नाही. प्रश्न असतो तो पळून जाण्याचा आणि धोक्याचा. पासपोर्ट जमा, प्रवासबंदी, नातेवाइकांच्या सह्या अशा अटी असतात. नागरिक नसलेल्याला ‘हा भारतात पळेल’ हा युक्तिवाद ऐकावाच लागतो. तेव्हा मुलांची शाळा, घराचं कर्ज, नोकरी हे कागद वकिलाच्या हातात पहिल्याच दिवशी हवेत.

‘लवकर कबूल करा, ग्रीन कार्ड वाचेल’

जे ली नावाचा माणूस लहानपणी दक्षिण कोरियातून आला आणि मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवायचा. अमली पदार्थांच्या केसमध्ये त्याने कबुली दिली, कारण वकिलाने सांगितलं होतं की हद्दपारी होणार नाही. सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं, हद्दपारीच्या शक्यतेचा तुमच्या निर्णयावर परिणाम होतो का? तो म्हणाला, ‘होतो.’ कसा? ‘मला समजलं नाही,’ असं म्हणून तो वकिलाकडे वळला. वकील म्हणाला, ही नेहमीची सूचना आहे. त्या गुन्ह्याला हद्दपारी जवळजवळ अटळ होती. त्याचं नशीब, की २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची बाजू घेतली. हद्दपारीच्या धोक्याबद्दल वकिलाने योग्य सल्ला द्यायलाच हवा, हे तर २०१० च्या पडिला निकालातच ठरलं होतं. पण अशी दाद लागायला वर्षं जातात, आणि सगळ्यांचीच लागत नाही.

आपल्या लोकांना जास्त लागू पडणारी बाब वेगळी आहे. फसवणुकीचा गुन्हा आणि नुकसान १०,००० डॉलरच्या वर, की इमिग्रेशन कायद्यात तो ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा. एक दिवसही तुरुंगात न जाता, नुसत्या प्रोबेशनवरही (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहिलं तरी). २००९ च्या निजहवन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ही रक्कम गुन्ह्याच्या व्याख्येत नसली तरी प्रत्यक्ष प्रकरणातल्या परिस्थितीवरून ठरवता येते. म्हणून कबुलीच्या कागदावर रकमेचा आकडा कुठे आणि कसा लिहिलाय, हे सहीआधी फौजदारी वकिलाने इमिग्रेशन वकिलाशेजारी बसून वाचलं पाहिजे. अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम त्यात बहुधा असतंच. ते नसेल, तर निकालाची नोंद झाल्यापासून अपिलाची नोटीस द्यायला १४ दिवस. आणि इंग्रजी कामापुरतं येत असलं तरी कोर्टातलं इंग्रजी अंगावर येत असेल, तर मराठी दुभाषी मागा. फेडरल फौजदारी खटल्यात त्याचा खर्च कोर्ट करतं.