कोडॅकला डिजिटल दिसलंच नाही, हे खरं नाही

‘कोडॅकला डिजिटल कॅमेरा येतोय हे कळलंच नाही, काही वर्षांत कंपनी संपली आणि फिल्मही’, असा कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या या अमेरिकी कंपनीबद्दलचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या प्रयोगशाळेत, १९७५ साली, स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक कृष्णधवल फोटो गाण्यांच्या असते तशा कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि तो बघायचा टीव्हीवर! म्हणजे कळलं सर्वांत आधी यांनाच. पण कमाई फिल्मचे रोल, फोटोचा कागद आणि धुलाईची रसायनं यांवर होती, ती सोडवेना. तरीही २००५ साली अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकले ते कोडॅकनंच. पुढे मोबाइलनं ते कॅमेरेही गिळले.

जानेवारी २०१२मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, हे खरं. पण सप्टेंबर २०१३मध्ये ती त्यातून बाहेर पडली. कोडाक्रोम ही त्यांची रंगीत फिल्म २००९ साली बंद झाली, तेव्हा आम्हा रोलवाल्यांना खरंच वाईट वाटलं. मात्र ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म आजही रोचेस्टरमध्येच बनते आणि बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म २०१८ साली परत आली. मेसेज पुढे पाठवण्याआधी कृपया एवढी दुरुस्ती करा.