माओ गेले आणि डेंग आले, असे घडले नव्हते

दर वर्षी ९ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे माओ त्से तुंग यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, एक मजकूर पुन्हा पुन्हा वाचनात येतो. १९७६ साली चीनवर उल्का कोसळल्या, मग भूकंप झाला आणि या दैवी संकेतांप्रमाणे माओ गेले. जनता मुकाट्याने सारे सोसत राहिली. पुढे डेंग श्याओपिंग यांनी माओंच्या पत्नीसह चौघांना कैद करून सत्ता हाती घेतली आणि चीनची दारे जगाला उघडली, असा त्याचा आशय असतो. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती पसरते. परंतु तिच्यातली बहुतेक विधाने चुकीची तरी आहेत किंवा भलत्याच्या नावावर तरी मांडलेली आहेत, आणि त्या वर्षी ज्यांनी खरोखर धैर्य दाखवले त्यांना तिच्यात जागाच नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

उल्का पडल्या हे खरे आहे. ८ मार्चला ईशान्येकडील जिलिन प्रांतात उल्कावर्षाव झाला आणि त्यातला सर्वांत मोठा दगड १७७० किलो वजनाचा निघाला. राजसत्ता पालटण्यापूर्वी आकाश आणि धरती इशारा देतात ही समजूत चीनमध्ये फार जुनी असल्यामुळे तिथल्या अनेकांनीही हा संबंध जोडला. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग म्हणून समजून घेता येतो; इतिहासातले कारण म्हणून मात्र नाही. २८ जुलैच्या पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी हेबेई प्रांतातले तांगशान हे कोळशाच्या खाणींचे शहर उद्ध्वस्त झाले आणि अधिकृत मोजणीप्रमाणे २ लाख ४२ हजारांहून अधिक माणसे मेली. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये ज्या प्रांतात रुग्णसेवा करताना वारले, तोच हा हेबेई.) हानी इतकी भीषण होण्याची कारणे जमिनीवरचीच होती. तांगशानला मोठ्या भूकंपाचा धोका नाही असे गृहीत धरले गेल्यामुळे तिथल्या विटांच्या इमारती तसा धक्का सोसण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या, आणि लोक गाढ झोपेत होते. त्यानंतर सरकारने परदेशांची मदत नाकारली, कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने मदतकार्याच्या जोडीने, एप्रिलमध्येच पदे गमावलेल्या डेंग यांच्यावरील टीका अधिक तीव्र करण्याचे आवाहन केले आणि मृतांचा आकडा १९७९ पर्यंत जाहीर झाला नाही. एवढ्या मरणाला ‘संकेत’ म्हटले की या निर्णयांचा जाब कोणाला विचारावा लागत नाही.

सर्वांत अन्यायकारक विधान जनता मुकी होती हे आहे. पंतप्रधान चौ एन लाय यांचे ८ जानेवारीला कर्करोगाने निधन झाले, तेव्हा बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्या अंत्ययात्रेसाठी लोक मैलोन्‌मैल रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले होते. मार्चअखेरीस शांघायच्या एका वृत्तपत्राने चौ यांच्यावर आडून चिखलफेक केल्यावर पहिला उद्रेक नानजिंगमध्ये झाला. तिथल्या विद्यार्थ्यांनी बाहेरगावी जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यांवर घोषणा रंगवल्या, म्हणजे बातमी दाबली तरी ती गाडीबरोबर पुढच्या स्थानकांवर पोहोचावी. ४ एप्रिलला छिंगमिंग होता. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांचे स्मरण करण्याचा हा दिवस. त्या दिवशी आणि त्याआधीही बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी लाखो लोक चौ यांच्यासाठी पुष्पचक्रे आणि हाताने लिहिलेल्या कविता घेऊन आले. एका कवितेत छिन सम्राटाचा, म्हणजे चीनच्या जुलमी पहिल्या सम्राटाचा, काळ आता सरला आहे असे म्हटले होते, आणि हा सम्राट म्हणजे माओ, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. कविता मोठ्याने वाचल्या जात होत्या आणि भोवतीचे लोक त्या वहीत उतरवून घेत होते. रात्रीतून सारी पुष्पचक्रे उचलली गेली, ५ एप्रिलला संतापलेली गर्दी पुन्हा जमली आणि त्या रात्री चौक बळाने रिकामा करण्यात आला. माओ तेव्हा जिवंत होते. त्यांच्या मृत्यूची वाट न पाहता, नाव आणि नोकरी दोन्ही धोक्यात घालून हे लोक बोलले होते.

या घटनेचा ठपका तेव्हा उपपंतप्रधान असलेल्या डेंग यांच्यावर ठेवण्यात आला आणि ७ एप्रिलला त्यांची सर्व पदे काढून घेण्यात आली. इथेच त्या मजकुराचा पुढचा दावा कोसळतो. ६ ऑक्टोबरच्या रात्री माओंच्या पत्नी च्यांग छिंग, चांग छुनछ्याव, याओ वनयुआन आणि वांग होंगवन या पक्षातल्या कडव्या नेत्यांच्या चौकडीला अटक झाली, तेव्हा डेंग कोणत्याही पदावर नव्हते. ही कारवाई पंतप्रधान हुआ क्वोफंग, ज्येष्ठ सेनानी ये च्येनयिंग आणि केंद्रीय नेत्यांच्या सुरक्षेची सूत्रे हाती असलेले वांग तोंगशिंग यांनी केली. खुद्द माओंनी पुढे आणलेल्या हुआ यांनी माओंच्या पत्नीला अटक करवली, ही त्या वर्षातली खरी विलक्षण गोष्ट आहे. पण हुआ यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून श्रेय डेंग यांच्या खात्यावर जमा होते.

दारे त्याच वर्षी उघडली हेही खरे नाही. फेब्रुवारी १९७७ मध्येही माओंचा प्रत्येक निर्णय पाळायचा असे जाहीर धोरण होते. डेंग यांची पदे त्यांना जुलै १९७७ मध्ये परत मिळाली, ‘सांस्कृतिक क्रांती’, म्हणजे माओंनी १९६६ मध्ये छेडलेली राजकीय शुद्धीकरणाची मोहीम, संपल्याची औपचारिक घोषणा ऑगस्टमध्ये हुआ यांनी केली आणि आर्थिक सुधारणांकडे वळण्याचा निर्णय पक्षाच्या डिसेंबर १९७८ च्या बैठकीत झाला. उलट बाजूने पाहिले, तर परदेशातून खत कारखाने विकत घेण्याचे मोठे करार १९७३ पासूनच, म्हणजे माओ आणि चौ दोघेही हयात असताना, सुरू झाले होते. हुआ पक्षाध्यक्षपदावर जून १९८१ पर्यंत राहिले.

तिआनआनमेनमध्ये कविता वाचणाऱ्यांना दोन वर्षांहून अधिक काळ सरकारदरबारी प्रतिक्रांतिकारकच मानले गेले. नोव्हेंबर १९७८ मध्ये, सुधारणांच्या त्या निर्णयाच्या महिनाभर आधी, बीजिंगच्या पक्षसमितीने तो शिक्का पुसला आणि ४ व ५ एप्रिलची ती कृती पूर्णपणे क्रांतिकारी होती असे जाहीर केले.