अंगठी, गरुड आणि कांडीचा सातबारा

(स्पॉयलर भरपूर आहेत. ही पुस्तकं येऊन इतकी वर्षं झालीत की आता तक्रार ऐकून घेणार नाही.)

मागच्या रविवारी भाची आली होती. अकरावीत आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे दोन दिवसांत बघून आलेली. पोह्यांवर लिंबू पिळायचाही धीर नव्हता. "मामा, शेवटी गरुड येऊन त्या दोघांना उचलतातच ना? मग जातानाच गरुडावर बसून जायचं की! एवढी पायपीट कशाला?"

(गोष्ट थोडक्यात: दुष्ट सॉरॉनची जादूची अंगठी आगीत टाकून नष्ट करायला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम सॉरॉनच्याच मुलुखातल्या ज्वालामुखीपर्यंत पायी जातात.) हा प्रश्न जन्मात एकदा प्रत्येकजण विचारतो. माझं उत्तर तयार होतं. सॉरॉनचा डोळा, आकाशात घिरट्या घालणारे त्याचे हस्तक नाझगुल, आणि मुळात लपूनछपून जायचं हाच बेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू आत्ता जुळवतोयस."

जुळवतच होतो. पुस्तकात अंगठीचं काय करायचं ते ठरवायला एवढी मोठी सभा भरते, पण गरुडांचा हा पर्याय तिथे कुणी काढतच नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. शेवट ओढूनताणून आणलाय असं नेमकं कशामुळे वाटतं? योगायोगामुळे, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण गरुडांपेक्षा कितीतरी मोठा योगायोग त्याच्या जरासा आधी घडून गेलेला असतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आठवून बघा. फ्रोडो शेकडो पानं चालून ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो. बोटात घालतो. म्हणजे नायक हरलाय. मग अंगठीपायी वेडा झालेला तिचा एके काळचा मालक गॉलम झडप घालतो, दातांनी त्याचं बोट तोडतो, अंगठी उंच धरून आनंदाने नाचतो, आणि नाचता नाचता तोल जाऊन आगीत. पाय घसरला, खेळ खलास. सगळ्या जगाचं भवितव्य एका घसरलेल्या पायावर! नवोदित लेखकाने हे लिहून पाठवलं असतं तर हस्तलिखित साभार परत आलं असतं.

तरीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो. फसवलं गेल्याची भावना औषधालाही नव्हती. का? तर गॉलम त्या कड्यापर्यंत जिवंत कसा पोचला, ते बघा. फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोच्या हातात तलवार होती, अंधाऱ्या बोगद्यात गॉलम समोर होता, आणि बिल्बोला दया आली. पुढे फ्रोडोला आली. शेवटी सॅम, जो पहिल्या दिवसापासून गॉलमचा राग राग करतो, तो डोंगराच्या उतारावर तलवार उपसतो आणि त्याच्याच्यानेही मारवत नाही. शिवाय गॉलमने शपथ घेतलीय ती त्या अंगठीचीच. आणि फ्रोडोने थोड्याच वेळापूर्वी बजावलंय की पुन्हा मला हात लावलास तर आगीत जाशील. पाय घसरतो त्या क्षणी तीन दयांची आणि एका शापाची उधारी एकदम वसूल होते. योगायोग आहेच. पण त्याचे पैसे आपण शेकडो पानं आधीपासून भरत आलोय.

सिनेमात मात्र त्यांना भीती वाटली असावी. तिथे फ्रोडो उठून गॉलमवर धावून जातो, झटापट होते आणि दोघेही कड्यावरून जातात, फ्रोडो लटकतो. कार्यकारणभाव पक्का झाला, गोष्ट मात्र लहान झाली. झटापट काय, विरार फास्टमध्येही होते.

आता उलटं उदाहरण. हॅरी पॉटर, सातवा भाग, २००७. एल्डर वाँडचा, म्हणजे सगळ्यात ताकदवान कांडीचा, मालक कोण? मुख्याध्यापक डंबलडोरच्या हातून ती कांडी हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅकोने उडवली, सबब मालक ड्रॅको. त्याने ती हातात धरलेलीसुद्धा नाही, पण नाव लागलं. पुढे हॅरीने ड्रॅकोकडून भलतीच, दुसरीच कांडी हिसकावली, सबब पहिलीचाही मालक हॅरी. फेरफाराच्या नोंदी चोख! तर्कात खोट काढता येत नाही. पण सात पुस्तकांच्या वैराचा निकाल लागताना नायक व्होल्डेमॉर्टसमोर उभा राहून सातबारा वाचून दाखवतोय, आणि मी मागची पानं उलटून वारसाहक्क तपासतोय. त्याआधी तोच हॅरी निमूटपणे मरायला जंगलात चालत जातो, तिथे मला काहीच तपासावंसं वाटलं नव्हतं.

त्याच लढाईत हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल जादूच्या टोपीतून तलवार काढून व्होल्डेमॉर्टच्या नागिणीचं मुंडकं उडवतो. वास्तविक ती तलवार घेऊन ग्रिपहूक नावाचा गॉब्लिन केव्हाच पसार झालाय. ती टोपीत आली कशी? दुसऱ्या भागात हॅरीला तशीच मिळाली होती, एवढा आधार आहे, पण खरं सांगा, त्या क्षणी कुणी विचारलं? पहिल्या भागात त्या घाबरट पोराला मित्रांना अडवल्याबद्दल दहा गुण मिळाले, तेव्हापासून आपण त्याच्या पाळीची वाट बघत होतो.

'गेम ऑफ थ्रोन्स'वर फार लिहीत नाही, बीपी वाढतो. डेनेरिसने शहर जाळलं याची बीजं आधीपासून होती हे मला मान्य आहे. पण शेवटच्या सीझनला भागच सहा. शरणागतीच्या घंटा वाजतात आणि बाईंचं डोकं फिरतं. आणि ब्रॅन राजा? कुणी कधी वाट बघितली होती त्याची? बेड्यांतला टिरियन भाषण ठोकतो आणि ठराव पास. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निवडायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गरुडांकडे परत येतो. ते येतात तेव्हा अंगठी गेलेली आहे, बोट गेलंय, दोघं मरायच्या तयारीने बसलेत. गरुड फक्त दोन जीव वाचवतात, काम नाही वाचवत. म्हणून मी त्यांना माफ करतो. पण भाचीचं निम्मं बरोबर आहे. अचानक पालटणाऱ्या सुखद शेवटावर या पुस्तकाचे लेखक टोल्किन यांनी व्याख्यान दिलंय आणि अशी कृपा पुन्हा होईल असं कधीच धरून चालू नये, असंही बजावलंय. यांचे गरुड मात्र आधीच्या 'हॉबिट' पुस्तकापासून दर अडचणीला हजर! १९५८ साली एका पत्रात त्यांनीच गरुडांना धोक्याचं यंत्र म्हटलंय. म्हणजे त्यांनाही ते टोचत होतं.

हे सगळं मी भाचीला फोनवर ऐकवलं. तिने "बरं" म्हटलं आणि नंतर घरी येऊन माझी जाडजूड प्रत उचलून घेऊन गेली. सिनेमाने शेवटचा एक मोठा तुकडा, फ्रोडो, सॅम वगैरे हॉबिट घरी परततात आणि गावाची दैना झालेली बघतात तो, पूर्ण गाळलाय, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही.

काल रात्री साडेबाराला मेसेज आला. "मामा, अंगठी गेली. गॉलम पडला. मी रडले, कुणाला सांगू नकोस. पण अजून सहा प्रकरणं कसली उरलीत??"

मी निळी टिक दिसू दिली आणि फोन उशाखाली सारला.