बेसीने केलं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

इतकं सविस्तर लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पियानोवर तो मोजकेच सूर वाजवायचा, बँडच्या अरेंजमेंट (कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं याची मांडणी) जवळजवळ सगळ्या इतरांनी लिहिल्या, त्याचा आधीचा बँडप्रमुख बेनी मोटेन वारल्यावर बँड त्याला आयता मिळाला आणि पुढे रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने हात दिला, पन्नाशीच्या दशकातला बँड तर नुसतं यंत्र होता. आपल्या बँडसाठी स्वतः लिहिणाऱ्या ड्यूक एलिंग्टनच्या शेजारी अशा माणसाला कसं बसवता, हा तुमचा प्रश्न.

'आयता मिळाला' हे आधी निकालात काढू. एप्रिल १९३५ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत मोटेन दगावला आणि थोड्याच काळात त्याचा बँड फुटला. बेसीने कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये उभा केला तो नऊ जणांचा नवा संच. त्यात मोटेनकडची माणसं होती, पण ती जमवावी लागली. हॅमंडने १९३६ मध्ये शिकागोत गाडीच्या रेडिओवर हा बँड ऐकला आणि पुढे खूप मदत केली, हे खरंच. पण तो करार करायला पोचेपर्यंत डेका या रेकॉर्ड कंपनीने बेसीची सही घेतली होती: रेकॉर्डच्या २४ बाजू, ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. पुढे गाजलेली 'वन ओ'क्लॉक जंप' याच करारात गेली. याला आयतं म्हणवत नाही.

आता मोजक्या सुरांबद्दल, कारण खरा मुद्दा इथेच आहे. बेसीला जास्त वाजवता येत नव्हतं असं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तो स्ट्राइड या पियानोच्या शैलीत तयार झाला, पियानोवादक फॅट्स वॉलरकडून ऑर्गन शिकला. मोटेनच्या बँडची डिसेंबर १९३२ मधली 'टोबी' ऐका: स्ट्राइडच्या रीतीप्रमाणे डावा हात खालच्या सुरावरून मधल्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) भन्नाट वेगाने उड्या मारतो आहे. पाच वर्षांनी तोच डावा हात जवळजवळ गप्प. का? कारण खाली वॉल्टर पेज बेसवर (डबल बेस, खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) प्रत्येक बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या गटाच्या, चारही मात्रा चालवत होता. पियानोचा डावा हातही त्याच पट्टीत घातला की दोन खालचे सूर एकमेकांवर आदळतात आणि बेस चिखलासारखा ऐकू येतो.

बाकीच्यांनीही अशीच जागा करून दिली. ड्रमवादक जो जोन्सने ठेका बास ड्रमवरून (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून) काढून हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नेला. बास ड्रम प्रत्येक मात्रेला धपधप वाजला तर बिनमाइकचा डबल बेस त्याखाली गाडला जातो. मार्च १९३७ मध्ये फ्रेडी ग्रीन आला. त्याची गिटार अ‍ॅम्प्लिफायरविना, तारा फ्रेटबोर्डपासून बऱ्याच उंच. बारला चार स्ट्रोक, सगळे खालच्या दिशेने; सहा तारांपैकी दोन-तीनच, आणि कित्येकदा नीट ऐकू येतो तो एकच सूर. स्ट्रोक मारला की डाव्या हाताचा दाब सैल, म्हणजे सूर लांबत नाही, मात्रा तेवढी कळते. खाली बेस, मध्ये गिटार, वर हाय-हॅट, आणि उरलेल्या फटीत बेसीचे दोन-तीन सूर. त्यात एकाने जरी जास्त वाजवलं तरी घडी विस्कटते.

हौशी बिग बँडमध्ये (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) नेमकं हेच बिघडतं. गिटारवाला अ‍ॅम्प लावून सहाही तारा झोडतो, पियानोवाला रिकामी जागा दिसली की भरतो, आणि ते दोघे बेसला झाकतात. बेस ऐकू येईना की ट्रम्पेट आपापली लय धरतात आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत सगळा बँड पळू लागतो. उपाय सोपा आहे, पण अहंकाराला जड जातो: आधी बेस, गिटार आणि हाय-हॅट एवढ्यांनीच १२ बारचे ब्लूज (१२ बारांचं एक आवर्तन, पुन्हा पुन्हा) १० मिनिटं वाजवायचे. लय हलत नाही अशी खात्री झाली की पियानो, आणि ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) सगळ्यात शेवटी.

बेसी मंचावरही हेच करायचा. सुरुवात पियानो, बेस, गिटार, ड्रम यांची. लय हवी तिथे बसेपर्यंत तो एक आवर्तन वाजवेल किंवा तीन, आणि मगच बँडला आत घेईल. 'वन ओ'क्लॉक जंप' एफ या पट्टीत पियानोने सुरू होते आणि हर्शल एव्हन्सचा टेनर सॅक्सोफोन येतो तेव्हा डी फ्लॅट पट्टीला जाते. पुढे ट्रॉम्बोन, लेस्टर यंगचा टेनर, बक क्लेटनचा ट्रम्पेट, आणि शेवटी सेक्शनांचे (एकेका प्रकारच्या वाद्यांच्या गटांचे) रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरांचे तुकडे, एकमेकांवर रचलेले. एव्हन्सचा सूर जाड, कंप भरलेला. यंगचा हलका, जवळजवळ कंपाविना. दोन इतके वेगळे टेनर एका बँडमध्ये ठेवणं आणि त्यांना एकाच रेकॉर्डवर थोड्या अंतराने सोडणं हा नेत्याचा निर्णय असतो. अरेंजमेंटच्या कागदावर तो दिसत नाही.

कागद तर कित्येकदा नसायचाच. हेड अरेंजमेंट म्हणजे एक जण रिफ काढतो, सेक्शनमधले बाकीचे त्याखाली कॉर्डमधला आपापला सूर शोधतात, आणि तो लक्षात ठेवतात. नवा माणूस आला की पंचाईत, कारण कॉर्डचे सूर आधीच वाटले गेलेले असतात. ट्रम्पेटवादक हॅरी एडिसन सांगायचा, की आपल्याला सूरच सापडत नाही अशी तक्रार त्याने केली तेव्हा बेसी म्हणाला: आज जो बरा वाटेल तो रोज वाजव. याची मर्यादाही होती. १९३६ च्या अखेरीस शिकागोच्या ग्रँड टेरेस क्लबमध्ये फ्लोअर शोचं (नाच-गाण्याच्या कार्यक्रमाचं) लिखित संगीत समोर आलं तेव्हा बँड चाचपडला, आणि दुसरा बँडप्रमुख फ्लेचर हेंडरसनने स्वतःच्या अरेंजमेंट वापरायला दिल्या म्हणून निभावलं.

पन्नाशीच्या दशकातला बँड नुसतं यंत्र होता, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. १९५० मध्ये पैशाअभावी बेसीने मोठा बँड मोडला, काही काळ छोटा संच चालवला आणि १९५२ मध्ये पुन्हा १६ जणांचा बँड उभा केला. हा बँड वाचून वाजवणारा. मार्शल रॉयल पहिल्या आल्टो सॅक्सोफोनवर बसून तालमी घ्यायचा, आणि सेक्शनमधला प्रत्येक जण सूर कुठे सुरू करतो याइतकंच तो कुठे सोडतो हे बघायचा. १९५७ च्या 'अ‍ॅटॉमिक बेसी' रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या अरेंजमेंट नील हेफ्टीच्या. त्यातली 'लिल डार्लिन' हेफ्टीने बऱ्याच जलद लयीत बसवली होती. बेसीने ती ओढून मिनिटाला ७० च्याही खाली आणली. कागदावरचा एकही सूर न बदलता गाणं दुसरंच झालं.

या लयीत वाजवणं अतिशय अवघड. दोन मात्रांमधलं अंतर एवढं, की सेक्शनमधला एक जण किंचित आधी घुसला तरी उघडा पडतो. ब्रास हळू वाजवताना श्वासाचा आधार सुटतो आणि सूर खाली घसरतो. ड्रमवाला घाबरून फिल (रिकामी जागा भरणारे जादा ठोके) टाकतो आणि लय चढते. यंत्राला हे जमत असेल तर मला ते यंत्र मान्य आहे.

एलिंग्टनची बरोबरी रचनाकार म्हणून मी केलेली नाही, करणारही नाही. कोणते सूर वाजवायचे ते एलिंग्टन लिहायचा. कोणते सूर वाजवायचे नाहीत ते बेसी ठरवायचा, आणि बेसीचा निर्णय १६ जण ऐकायचे. 'लिल डार्लिन' एकदा फक्त ग्रीनच्या गिटारवर कान ठेवून शेवटपर्यंत ऐका, आणि ती गिटार दोन आवर्तनांसाठी काढून टाकली तर त्यातला एकल वादक वेंडेल कली आपला म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावलेला ट्रम्पेट कशाच्या आधारावर इतका मागे टेकून वाजवू शकला असता, ते मला कळवा.