पाळकाला हिशेब विचारणे म्हणजे अभिषिक्ताला हात लावणे नव्हे

प्रिय बंधू, प्रभूच्या नावाने सलाम.

पाळकाचे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूचे, चारित्र्य रविवारच्या उपदेशापेक्षा दानार्पणाच्या हिशेबात अधिक स्पष्ट दिसते, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण घेतलेले आक्षेप मी पुन्हा पुन्हा वाचले. परमेश्वराच्या अभिषिक्ताकडे, म्हणजे त्याने निवडून नेमलेल्या सेवकाकडे, हिशेब मागण्याचा अधिकार मंडळीला नाही, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या पाळकांविषयी असा संशय पेरणे निर्दयपणाचे आहे, आणि ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांसारख्या, पैशाच्या बाबतीत अगदी अव्यवहारी असलेल्या माणसाकडूनही देवाने एवढे कार्य करून घेतलेच, असे आपले म्हणणे आहे. लेख काढून टाकावा, अशी विनंतीही आपण केली आहे.

पगाराविषयी आपण लिहिलेत ते मला पूर्ण मान्य आहे आणि ते मूळ लेखातच यायला हवे होते. मुलांची फी भरताना ज्याची ओढाताण होते, त्या पाळकाकडून निर्मळ व्यवहाराची अपेक्षा करायची आणि त्याचा पगार मात्र दोन-दोन महिने थकवायचा, हा मंडळीचा अप्रामाणिकपणा आहे. परंतु हिशेब सर्वांसमोर वाचले जातात तेव्हा ही थकबाकीही सर्वांना दिसते, आणि म्हणून उघड्या हिशेबाचा पहिला लाभ पुष्कळदा पाळकालाच होतो.

अभिषिक्ताविषयीचा आपला आक्षेप मात्र मला स्वीकारता येत नाही. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे आपण दिलेले वचन बायबलच्या १०५ व्या स्तोत्रातले आहे. अब्राहाम, इसहाक आणि याकोब मूठभर होते, परदेशी म्हणून देशोदेशी हिंडत होते, तेव्हा त्यांना उपद्रव होऊ नये म्हणून परमेश्वराने राजांना दिलेली ती ताकीद आहे. दुबळ्यांच्या रक्षणासाठी दिलेले वचन आपण अधिकारी व्यक्तीला तिच्याच कळपाच्या प्रश्नांपासून वाचवण्यासाठी वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ उलटा होतो. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही हे खरे. परंतु त्याच प्रसंगी गुहेबाहेर येऊन, राजाच्या झग्याचा कापलेला काठ हाती धरून, त्याने शौलाच्या अन्यायाचा जाब सर्व सैन्यासमोर विचारला, हेही त्याच अध्यायात आहे. आणि शमुवेल? ज्याने राजाला अभिषेक केला तो वृद्ध संदेष्टा निरोप घेताना लोकांपुढे उभा राहून स्वतःच विचारतो की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली ते सांगा, म्हणजे मी ते परत करीन. या जबानीला तो परमेश्वराबरोबर त्याच्या अभिषिक्तालाही साक्षी ठेवतो.

प्रेषित पौलाचे उदाहरण मला याहूनही महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्यावर करिंथच्या मंडळीचा विश्वास नसता तर ती मंडळीच उभी राहिली नसती. तरीही यरुशलेमेतील गरजवंतांसाठी जमवलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू असावा, अशी व्यवस्था त्याने केली आणि तिचे कारणही लिहून ठेवले: आपल्यावर कोणी दोष ठेवू नये, आणि जे चांगले ते केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगले असावे.

टिळकांविषयी थोडे सविस्तर लिहितो. ते अव्यवहारी होते, शीघ्रकोपी होते, आणि त्याची झळ घरच्यांना बसली, हे आपल्याला कोणामुळे ठाऊक आहे? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंमुळेच. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत, आणि तरीही ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर कोणाच्या मनातून उतरला असेल, असे मला वाटत नाही. शिवाय टिळकांनी उधळले ते स्वतःचे. मंडळीची ठेव नव्हे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. त्यांचे नाव घेऊन हिशेब टाळणारा पुढारी पगार सोडायलाही तयार असला पाहिजे.

आता जे मी मूळ लेखात लिहिण्याचे धैर्य केले नाही, ते लिहितो. एका मंडळीचा मी आठ वर्षे खजिनदार होतो. दानार्पण मी एकटा घरी नेऊन मोजत असे, कारण माझ्यावर सर्वांचा विश्वास होता. एकदा घरचे वीजबिल भरण्यासाठी मी त्यातून पैसे घेतले आणि चार दिवसांनी परत ठेवले. कोणाला कळले नाही, आणि मलाही ते चुकीचे वाटले नाही. पुढे नवे पाळकसाहेब आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात नियम केला की, दान दोघांनी मंदिरातच मोजायचे, वहीवर दोघांनी सह्या करायच्या आणि पाळकाने त्या पैशाला हातही लावायचा नाही. मला तो अपमान वाटला. त्या रागाचे कारण शोधताना मला ते चार दिवस आठवले. पाळकसाहेबांना मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि पुढच्या रविवारी मोजणीला माझ्याशेजारी दुसऱ्या एका बंधूंना बसवले.

त्यामुळे हिशेब विचारणे म्हणजे संशय घेणे, हे मला पटत नाही. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब ठेवून ते तपासून घ्यावेच लागतात. पण कायद्याने मागण्यापूर्वीच आपण होऊन वही पुढे करणाऱ्या पाळकाची तरुणांवर जी छाप पडते, ती लेखापरीक्षकाच्या शिक्क्याने पडत नाही.

लेख मी काढणार नाही. पाळकांच्या थकलेल्या पगाराविषयीचा आपला मुद्दा मात्र आजच त्यात घालतो आहे, आणि तो एका वाचकाने दाखवून दिला, असेही तेथे लिहितो.