परदेशातून : पोराचा आवाज वेगळा, बॉलचा वेगळा

मे महिना लागला की पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. सकाळी सव्वासहाला पार्किंगमध्ये टेनिस बॉल आपटू लागतो. साताच्या आत तिसऱ्या मजल्यावरून पहिला मेसेज पडतो. आठपर्यंत दोन तट तयार : एकीकडे ‘मुलं आहेत, खेळणारच’, दुसरीकडे ‘हेच का संस्कार?’. मग कोणीतरी हमखास लिहितं, ‘जर्मनीत बघा, रविवारी टाचणी पडली तरी ऐकू येते.’

आम्हा जर्मनीत राहणाऱ्यांची साक्ष अशी परस्पर काढली जाते, म्हणून हा खुलासा. ते वाक्य अर्धंच खरं आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर उलटंच आहे.

खरं अर्ध आधी. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ इथे गंभीरपणे पाळतात. रविवारी ड्रिल मशिन चालवायचं नाही आणि रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या सार्वजनिक कुंडीत टाकायच्या नाहीत. निवासी भागात गवत कापायचं यंत्र कामाच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ८ एवढंच चालतं. पाला उडवणाऱ्या ब्लोअरवर तर आणखी बंधन आहे : ९ ते १ आणि ३ ते ५. पण त्या ब्लोअरला सकाळी आठला जे करता येत नाही, ते पाच वर्षांच्या पोराला करता येतं. पोटातून किंचाळत झोक्यावर बसता येतं, आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

जर्मन लोकांचं मन मोठं म्हणून हे झालं, असं कोणी समजू नये. पाळणाघरांच्या गोंगाटाविरुद्ध शेजारी थेट कोर्टात जात होते. २००५ साली हॅम्बुर्गमध्ये असाच एक निकाल पाळणाघराच्या विरोधात गेला आणि वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. बर्लिनने २०१० मध्ये आपल्या राज्याच्या कायद्यात लिहून टाकलं की मुलांचा आवाज हा त्यांच्या वाढण्याचाच भाग आहे, तो सहन करण्याजोगा मानावा. २०११ मध्ये केंद्रीय कायद्यातही कलम आलं : पाळणाघरं आणि खेळाची मैदानं इथून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे ‘घातक उपद्रव’ धरायचा नाही आणि त्याला डेसिबलच्या मर्यादा लावायच्या नाहीत. मूल म्हणजे १४ वर्षांखालचं. मोठ्या पोरांच्या फुटबॉलला ही सवलत तशीच्या तशी मिळत नाही.

मग जर्मनीत शेजाऱ्याने नुसतं सोसायचं का? नाही. २०१७ मध्ये बर्लिनच्या एका इमारतीतलं प्रकरण सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेलं. वरच्या घरात मुलांचं पाय आपटणं आणि आरडाओरडा चालायचा. कोर्टाने सांगितलं की सहनशीलतेलाही मर्यादा आहे, आणि ती ठरवताना काय बघायचं तेही सांगितलं : आवाज कोणत्या प्रकारचा, किती वेळ, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, मुलाचं वय आणि प्रकृती काय, आणि तो टाळता आला असता का. समजावून किंवा बांधकामात काही बदल करून टाळता आला असता का, हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. सोसायटीच्या भांडणात नेमका तोच कोणी विचारत नाही. तिथे सगळे मुलावर किंवा आईबापावर बोलतात. गेटच्या कडीवर कोणी बोलत नाही.

भारतातला कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र म्हणजे १० ते ६ च. घड्याळ दोन्ही देशांचं एकच आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि दिवसा ती १० डेसिबलने ओलांडली गेली तर तक्रार करता येते. पण हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे असतात. दर वीस सेकंदांनी एकदा भिंतीवर बसणारा बॉल झोप मोडतो, सरासरीत मात्र तो विरघळून जातो. तेव्हा मोबाईलच्या अॅपवर ‘८२’ दिसलं म्हणून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही. तो क्षणाचा आकडा असतो आणि पुरावा म्हणून त्याला फारसं वजन नाही. सकाळी साडेसहाला खेळणाऱ्या मुलांसाठी पोलिसांना फोन करणं तर शुद्ध वेडेपणा. पोलीस येतात, पाच मिनिटं थांबतात आणि जातात. पुढची पाच वर्षं तुम्ही ‘ते पोलीसवाले काका’.

आता मूळ प्रश्न : आवाज येतो कुठून? पोरांच्या किंचाळण्याची पट्टी उंच असते आणि माणसाचा कान त्याच पट्टीला सगळ्यात तिखट असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तीन बाजूंनी इमारती असलेल्या चौकात तो असा उतरत नाही, भिंतींवर आपटत वर चढतो. चौथ्या मजल्यावर शांत असेल हा समज म्हणूनच फसतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे इमारतीखालचं पार्किंग. छत खाली, चहूकडे काँक्रीट, एकही मऊ पृष्ठभाग नाही, त्यामुळे प्रत्येक हाक घुमते आणि बाथरूमच्या डक्टमधून वर जाते. बॉल तिथल्या खांबावर बसला तर धक्का काँक्रीटमधूनच पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या भिंतीत उतरतो, आणि त्यावर कोणतीही खिडकी उपाय नाही. तोच बॉल सुट्या कंपाउंड वॉलवर बसला तर इमारतीला हादरा जात नाही. म्हणजे स्टंप हलवणं हा पहिला उपाय, आणि तो फुकट आहे. मागे खांब किंवा इमारतीची भिंत नको, कंपाउंडची भिंत हवी, तीसुद्धा बेडरूमच्या बाजूची नको. बास्केटबॉलची रिंग इमारतीच्या भिंतीला बोल्टने ठोकलेली असेल तर ती काढून वेगळ्या खांबावर लावावी. नाहीतर प्रत्येक शॉट वरच्यांच्या उशाशी वाजणार.

बाकीचे उपाय किरकोळ दुरुस्तीचे आहेत. लोखंडी गेट जिथे आपटतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे बांधायचे. झोक्याच्या कड्यांना पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस. सी-सॉच्या दोन्ही टोकांखाली अर्धा जमिनीत पुरलेला टायर. प्लॅस्टिकच्या चाकांची तीनचाकी पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक सांध्याला खडखडते, तिला डांबरी किंवा कोब्याच्या पट्ट्यावर पाठवायचं. एवढ्याने किंचाळणं थांबत नाही, पण ठोके थांबतात. झोप मोडण्यात ठोक्यांचा वाटा मोठा असतो, कारण ते अचानक येतात.

घरातून करायचं ते खिडकीपासून. आपल्याकडची सरकती अॅल्युमिनियमची खिडकी बंद केली तरी फटींतून आवाज घेते. एक उदबत्ती लावून बंद खिडकीच्या कडेने फिरवा, धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. बहुधा रुळातली लोकरी पट्टी झिजलेली असते, किंवा दोन पल्ले जिथे मध्ये एकमेकांत अडकतात तिथे फट राहिलेली असते. ही पट्टी मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि त्याच जाडीची नवी सरकवायची. एक चूक बरेचजण करतात : खालच्या रुळातली पाण्याची भोकंही सिलिकॉनने बुजवतात. जूनच्या पहिल्या सरीत पाणी गादीवर येतं. ती भोकं तशीच राहू द्यायची. एसीच्या पाइपाभोवतीचं छिद्र मात्र नक्की बुजवा.

पैसे खर्चायचे असतील तर फटी बुजवल्यावरच. आहे त्या खिडकीच्या आत सुमारे १०० मिलिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी, किंवा गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) असलेली, दारासारखी उघडून घट्ट मिटणारी खिडकी आणि तिला लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली काच. डबल ग्लेझिंग घ्यायचं तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नयेत, ४ आणि ६ मिलिमीटरची जोडी बरी. जाड पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज किंचित कमी होतो, बाहेरचा अडत नाही. अंड्याच्या ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांना मी हात जोडतो.

कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त आणि परिणामकारक आहेत, फक्त नीट घालावे लागतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट दाबून धरायचं. अर्धा बाहेर राहिला तर काही उपयोग नाही. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा मार्ग नको.

बोलण्याच्या बाबतीत जर्मनांकडून काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे जिन्यात ‘प्रिय शेजाऱ्यांनो’ म्हणून चिठ्ठी चिकटते, खाली सही नसते, आणि समोरासमोर भेटल्यावर तोच माणूस हसून नमस्कार करतो. आपल्याकडे पोराचा आजोबा रोज संध्याकाळी बाकावर बसलेला असतो. ही सोय इथे नाही. त्याच्याशी संध्याकाळी बोलावं. सकाळी गॅलरीतून ओरडलात तर तो आणखी एक आवाज. मागणी मोजकी ठेवा. ‘जरा हळू खेळा’ याचा अर्थ कोणत्याच मुलाला कळत नाही. ‘साडेसातपर्यंत बॉल नको, पकडापकडी आणि सायकल चालेल, तीही मागच्या बाजूला’ हे कळतं. मुलांनाच विचारलं तर तीच वेळ वहीत लिहून आणतात, आणि स्वतःची वेळ बरीच पाळतात. हा नियम पुढे सर्वसाधारण सभेत मांडून मंजूर करून घ्यावा, म्हणजे कमिटी बदलली की पुन्हा पहिल्यापासून नको.

जर्मनीतली ब्लोअरची वेळ तशीच उचलून मुलांवर ‘नऊपर्यंत खेळबंदी’ लादू मात्र नका. इथे जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो, मुलांची सकाळ गेली तरी संध्याकाळ उरते. मेमधल्या पुण्यात दहानंतर उन्हात उभं राहवत नाही, आणि संध्याकाळी गाड्या परत आल्या की खेळायला जागाच नसते. सहा ते नऊ एवढाच त्यांचा दिवस. आणि त्याच सहा ते नऊमध्ये एक गाडी मागे घेताना पूर्ण धून वाजवते, दुसरी धुतली जाते, दूधवाला हॉर्न देतो आणि तळमजल्यावर कुकरच्या चार शिट्ट्या होतात. त्यावर ग्रुपवर मेसेज पडल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.