'सारखा' दिसला की उपमा? जरा थांबा

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. अलंकार ओळखायला डोकं चालवू नका, शब्द पाठ करा, असा त्याचा सूर. 'सारखा, समान, परी' आलं की उपमा. 'जणू, वाटे, भासे' आलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच नसलं की रूपक. अतिशयोक्ती म्हणजे सभ्य भाषेतली थाप. आणि शेवटी: अलंकार हे पुस्तकातल्या कवींचे दागिने, कोकणातला माणूस सरळ बोलतो, तेव्हा मार्क घ्या आणि विसरून जा. खाली हात जोडलेले.

आधी ती यादी बघू, कारण पोरांचं नुकसान तिच्यानेच जास्त होतं.

'पाऊस सारखा पडतोय.' यात 'सारखा' आहे, उपमा कुठाय? जेटीवर बसलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, 'संध्याकाळी वारं पडेलसं वाटतं' म्हणतो तेव्हा तो उत्प्रेक्षा करत नसतो, होडी काढायची की नाही ते ठरवत असतो. शब्द आहेत, अलंकार नाही.

बरं, तुलना खरोखर असली तरी भागत नाही. 'गवय गाईसारखा असतो' हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण. गवय म्हणजे रानातला गाईसारखा प्राणी. तो कधी न पाहिलेल्या माणसाला तो रानात ओळखता यावा म्हणून हे सांगायचं. तिथे ते उपमान प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन. अलंकारशास्त्री त्याला उपमा अलंकार म्हणत नाहीत, कारण त्यात चमत्कृती, म्हणजे मनाला सुखावणारी कल्पनेची करामत नाही, नुसती माहिती आहे. आपल्याकडे बागेत गवा शिरल्यावर शेतकरी वनखात्याच्या माणसाला 'मोठ्या रेड्यासारखा होता' असं सांगतो, ती माहितीच. पण तोच शेतकरी रस्त्यासाठी आंब्याची कलमं आडवी करून गेलेल्या कंत्राटदाराबद्दल 'गव्यासारखा शिरला नि तुडवून गेला' म्हणाला, की झाली उपमा. शब्द दोन्हीकडे 'सारखा'च.

उलट बाजूनेही यादी तोंडावर पडते. 'मृगनयना' या एका शब्दात ना 'सारखे' आहे ना 'सम', तरी ती उपमाच. साम्यवाचक शब्द गाळला म्हणून लुप्तोपमा. मेसेजच्या हिशेबाने पोरगं तिथे 'रूपक' लिहून मोकळं होणार.

मग ओळखायचं कशावरून? उपमेय (ज्याच्याबद्दल बोलतोय ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करतोय ते) यांचं नातं काय ठरवलंय, त्यावरून. एकच जोडी घेऊ. रात्री किनाऱ्यावरून दिसणारे बोटींचे दिवे हे उपमेय, चांदण्या हे उपमान. 'दिवे चांदण्यांसारखे लुकलुकतात' म्हटलं की दोन गोष्टी वेगळ्याच राहिल्या, फक्त साम्य दाखवलं: उपमा. 'जणू चांदण्याच पाण्यावर उतरल्या' म्हटलं की एक पाऊल पुढे गेलो, ती दुसरीच वस्तू असावी अशी कल्पना केली: उत्प्रेक्षा. 'हे दिवे म्हणावेत की चांदण्या?' इथे मन दोन्हीकडे झुलतंय, म्हणून ससंदेह. चांदण्या समजून एखादं पोर त्या मोजायलाच बसलं तर तो भ्रांतिमान, कारण आता शंका उरली नाही, चूक घडली. 'दिवे कसले, चांदण्याच त्या' ही अपन्हुती, उपमेयालाच उडवून लावलं. आणि 'चांदण्या फिक्या पडल्या' म्हणालात तर व्यतिरेक, उपमेय उपमानाहून सरस ठरलं. जोडी तीच, बोलणारा कुठे उभा आहे ते बदलत गेलं. हे कळलेल्या मुलाला यादी लागत नाही.

आता त्याच दिव्यांबद्दल पारंपरिक मच्छीमाराला विचारा. दिवे एलईडी मासेमारीवाल्या, म्हणजे झगझगीत उजेडाने मासळी ओढून घेणाऱ्या बोटींचे असतील, तर तो चांदण्यांचं नाव काढणार नाही, 'दरोडा' म्हणेल. अशा मासेमारीवर केंद्राने 2017 सालीच बंदी घातली, तरी तिच्याविरुद्धची ओरड थांबलेली नाही. पर्यटकाचं उपमान चांदणी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं लावणाऱ्या मच्छीमाराचं दरोडा. यातलं कुठलं 'दागिना' म्हणून घातलंय, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

'कोकणातला माणूस सरळ बोलतो' हे वाचून तर हसूच आलं. हे लिहिणारा कधी मासळी घ्यायला गेला नसावा. बांगड्यांची पाटी पुढे, गिऱ्हाईक बाई एकेकाचे कल्ले उचलून लाली बघतेय, नाक मुरडतेय. विकणारी म्हणते, "ह्यो बांगडो नाय गो, चांदी आसा चांदी!" बाई मान वर न करता म्हणते, "चांदी आसा तर मगे सोनाराक ईक!" पहिलीने अपन्हुती टाकली, दुसरीने ती मुद्दाम शब्दशः घेऊन भाव पाडला. दोघींनाही अलंकाराचं नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही, पण तो चालतो कसा हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. नट रंगमंचावर आयत्या वेळी संवाद रचतात आणि संकासुर या विनोदी पात्राच्या कोट्यांवर मांडव हसतो. तो श्लेष, म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ खेळवणं, काही गाईडातून आलेला नसतो.

शिवाय सरळ बोलणं अलंकाराच्या बाहेर आहे हे कोणी सांगितलं? संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्श' या ग्रंथात अर्थालंकार (अर्थावर चालणारे अलंकार) सांगताना पहिला मान दिलाय तो स्वभावोक्तीला, म्हणजे जे जसं आहे त्याच्या हुबेहूब वर्णनाला. कुंतक या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराला हे मान्य नव्हतं. ज्याचं वर्णन करायचं तेच अलंकार कसं होईल, असा त्याचा सवाल. मला कुंतकाचा मुद्दा पटतो, पण मेसेजला त्याचा उपयोग नाही, कारण तोच कुंतक वक्रोक्तीला, म्हणजे वळण देऊन बोलण्याला, काव्याचा जीव म्हणतो. वरून घातलेला दागिना नव्हे.

अतिशयोक्ती म्हणजे थाप, हे थोडक्यात निकालात निघतं. वीतभर मासा पकडून 'हातभर होता' म्हणणारा थाप मारतो. आपण विश्वास ठेवावा अशी त्याची इच्छा असते. 'मासा ओढता ओढता होडी खाली गेली नि मासा वर आला' म्हणणाऱ्याला आपण विश्वास ठेवला तर उलट वाईट वाटेल.

राहता राहिलं 'विसरून जा'. कोकणचा कॅलिफोर्निया करू, हे आपण किती वर्षं ऐकतोय? इथे उपमेय कोकण, उपमान कॅलिफोर्निया. अलंकार शिकलेला मुलगा लगेच विचारेल की साधारण धर्म, म्हणजे दोन्हींतला समान गुण, कोणता. समुद्रकिनारा? तो आधीपासून आहे. फळबागा? त्याही आहेत. मग नेमकं काय करणार, रस्ते, कारखाने, पाणी, रोजगार, यातलं काय आणि कोणाच्या जमिनीवर? भाषणात हा रकाना रिकामा असतो. मेसेजच्या यादीत कॅलिफोर्निया बसत नाही, म्हणून ती पाठ केलेलं पोर तिथे टाळ्या वाजवेल.